बोटाखालचं पाव मिलिमीटर

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर रस्त्याला क्षणभर उसंत नसते. जुना मुंबई-पुणे रस्ता इथून खोपोलीकडे जातो, गोव्याचा महामार्ग इथूनच कोकणात उतरतो आणि तिसरा फाटा न्हावाशेवाच्या बंदराकडे वळतो. साहजिकच आजूबाजूला गोदामं, कंटेनर यार्ड, पेट्रोलपंप आणि वजनकाटे. अशा एखाद्या काट्याच्या केबिनमध्ये डोकावलात, तर टेबलावर एक छोटा डबा दिसेल. वर लाल आकडे, खाली सहा-सात बटणं. काटेवाला एक बटण दाबतो, आकडा शून्यावर येतो. ट्रक चढतो, दुसरं बटण दाबलं जातं, पावती निघते. वीस-पंचवीस टन मालाचा हिशेब त्या एका दाबण्यावर ठरतो.

आता ते बटण जवळून न्याहाळा. त्याच्या कडेला नख घालण्यापुरती फट सापडते का? सापडत नाही. सगळं पॅनेल एकाच अखंड फिल्मने झाकलेलं असतं आणि आपण ज्याला बटण म्हणतो तो त्या फिल्मवर छापलेला, किंचित फुगवलेला चौकोन असतो. फिल्मची जाडी किती? बहुतेक वेळा ०.१७५ ते ०.२५ मिलिमीटर. फार झालं तर पाव मिलिमीटर!

आणि या पाव मिलिमीटरच्या वाट्याला काय काय येतं? डिझेलने माखलेला अंगठा. तंबाखू मळून झाल्यावरचं चुन्याचं बोट. खिडकीतून तिरपं येणारं एप्रिलचं ऊन. जूनपासून चार महिने ओल, कारण पनवेलच्या आसपास वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. वर दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी थिनरचा बोळा फिरवतो तो वेगळाच. तरीही चांगल्या पॅनेलवरचं अक्षर पुसलं जात नाही, रंग उतरत नाही. का?

कारण बोट शाईला कधी शिवतच नाही. अक्षरं फिल्मच्या मागच्या बाजूने छापलेली असतात. तुम्ही वरून जे वाचता ते पारदर्शक प्लास्टिकच्या आरपार वाचता. म्हणून छापणाऱ्याला सगळी अक्षरं उलटी, आरशात दिसावीत तशी छापावी लागतात. आणि क्रमही उलटा! दुकानाची पाटी रंगवणारा आधी पार्श्वभूमी देतो, मग अक्षरं काढतो. इथे आधी अक्षरं, मग त्यांच्याभोवतीची चौकट, मग पार्श्वभूमीचा रंग, आणि सर्वांत शेवटी आतल्या दिव्याचा उजेड नको तिथून झिरपू नये म्हणून एक अपारदर्शक थर. प्रत्येक रंगाला स्क्रीन प्रिंटिंगची वेगळी जाळी. जे सर्वांत आधी छापलं तेच समोरच्याला सर्वांत वर दिसतं, त्यामुळे पहिल्या रंगात झालेली चूक नंतरच्या कुठल्याही रंगाने झाकता येत नाही. एवढं जमलं की मग वर्षानुवर्षं दाबा, झिजली तर फिल्म झिजेल. शाई तिच्या पाठीमागे सुरक्षित.

सगळा भार असा फिल्मवर आला. मग फिल्म कसली निवडायची? या धंद्यात खरी लढत दोघांतच आहे: पॉलिकार्बोनेट आणि पॉलिएस्टर. पहिल्याला बाजारात लेक्सान म्हणून मागतात. दुसऱ्याचं खरं नाव पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, म्हणजे पेट, म्हणजे पाण्याची बाटली जिची असते तेच. दोघंही पारदर्शक, दोघंही हातात घेतल्यावर जवळपास सारखे वाटणारे. आणि स्वभाव मात्र इतके वेगळे की एकाच्या जागी दुसरा लावला तर पॅनेलचं आयुष्यच बदलतं.

पॉलिकार्बोनेटची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. १८९८ साली म्युनिकमध्ये आल्फ्रेड आइनहॉर्न नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला या कुळातला पदार्थ पहिल्यांदा मिळाला. हेच ते आइनहॉर्न, ज्यांनी पुढे दात काढताना हिरडी बधिर करणारं नोव्होकेन शोधलं. त्यांना प्रयोगातून जे मिळालं ते कशातच नीट विरघळेना, त्याचं काही करता येईना. विषय तिथेच राहिला आणि अर्धशतक तसाच पडून राहिला! मग १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत हर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स, दोघं एकमेकांचा पत्ता नसताना जेमतेम आठवड्याभराच्या फरकाने एकाच पॉलिकार्बोनेटपाशी पोहोचले. फॉक्स खरं तर तारेवर लावायचं वेष्टण शोधत होते. त्यांच्या भांड्यातला पदार्थ घट्ट होत गेला, ढवळणीला चिकटून बसला, काच फोडून तो गोळा बाहेर काढावा लागला. त्या गोळ्यावर हातोडे मारले तरी तो फुटेना. शेवटी प्रयोगशाळेतल्या मंडळींनी त्याच गोळ्याने लाकडात खिळे ठोकले, असं सांगतात. चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांच्या डोक्यावरचं पारदर्शक शिरस्त्राण पुढे याच पॉलिकार्बोनेटचं झालं.

पॉलिएस्टरची गोष्ट त्याआधीची, १९४१ ची. इंग्लंडमध्ये कापडछपाई करणाऱ्या एका संस्थेत काम करणारे जॉन रेक्स व्हिनफिल्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन यांनी ते बनवलं. त्यांना हवा होता कापडासाठी धागा. धागा मिळाला, आणि जगभरच्या शर्टांत गेला. या धाग्याचा एक मोठा कारखाना पळस्प्याहून वीसेक किलोमीटरच्या आत आहे. जुन्या पुणे रस्त्याने चौक गावाच्या बाजूला निघालात की रसायनी आणि पातळगंगेचा औद्योगिक पट्टा लागतो. तिथे रिलायन्सने १९८२ मध्ये पॉलिएस्टर धाग्याचं उत्पादन सुरू केलं. म्हणजे ज्या रेणूचा पातळगंगेकाठी धागा होतो, तोच रेणू पळस्प्याच्या काट्यावर फिल्म होऊन बोटाखाली येतो! त्याचा एक घटक एथिलीन ग्लायकॉल. तो तर बाहेर उभ्या ट्रकच्या रेडिएटरमध्येच असतो, कूलंट म्हणून.

धागा आणि फिल्म एकाच रेणूचे कसे होतात, हा या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा भाग. इथे थोडं थांबू.

दोन्ही प्लास्टिकं म्हणजे अतिशय लांब साखळ्यांचे रेणू. पॉलिकार्बोनेटमध्ये त्या साखळ्या झोपेतून उठलेल्या माणसाच्या केसांसारख्या असतात, कशाही, एकमेकींत गुंतलेल्या. वितळवून, पातळ पत्रा काढून थंड केलं की तो गुंता जसाच्या तसा गोठतो. पॉलिएस्टर फिल्मचं तसं नाही. तिचे केस विंचरतात. २८० अंशांच्या आसपास वितळलेलं पॉलिएस्टर थंड रुळावर ओततात, त्याची जाड काचेसारखी पट्टी होते. ती पुन्हा नव्वदेक अंशांपर्यंत ऊबदार करून दोन रुळांमधून काढतात. पुढचा रूळ मागच्यापेक्षा तिप्पट वेगाने फिरतो, त्यामुळे पट्टी लांबीला ताणली जाते. मग दोन्ही कडांना धातूचे चिमटे धरतात आणि ते चिमटे आपापल्या मार्गावरून धावता धावता एकमेकांपासून दूर जातात. आता ती रुंदीला ताणली जाते, पुन्हा तीन-साडेतीन पट. आणि ताणलेल्या अवस्थेत धरून ठेवूनच २०० अंशांच्या वर तापवतात, म्हणजे ओळीत आलेल्या साखळ्या तशाच पक्क्या बसतात, काही तर स्फटिकांत बांधल्या जातात. हिशेब करा: ०.१७५ मिलिमीटरची फिल्म सुरुवातीला जवळजवळ दोन मिलिमीटरची पट्टी होती. क्षेत्रफळ दहा-अकरा पट वाढलं आणि ती कुठेही फाटली नाही.

महाराष्ट्रात हे ताणकाम मोठ्या प्रमाणावर चालतं. तासगावातून आलेल्या आबासाहेब गरवाऱ्यांनी उभारलेल्या उद्योगसमूहाचे पॉलिएस्टर फिल्मचे कारखाने छत्रपती संभाजीनगरला आहेत. इगतपुरीजवळ मुंढेगावला जिंदालचा मोठा कारखाना आहे. आणि तुमच्या कपाटात जुना एक्स-रे असेल तर पॉलिएस्टर फिल्म घरातच आहे. तो निळसर, न चुरगळणारा, न फाटणारा पत्रा म्हणजे पॉलिएस्टरच, आणि त्याची जाडीही साधारण ०.१७५ मिलिमीटर. वजनकाट्याच्या पॅनेलवरच्या फिल्मएवढीच.

हे विंचरणं डोळ्यांनी बघता येतं, आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायची जुनी पारदर्शक शीट कुठे पडलेली असेल तर काढा, तीही सहसा पॉलिएस्टरची असते. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा, शीट पडद्यासमोर धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून तिच्याकडे बघत शीट हळूहळू फिरवा. बिनरंगी शीटमध्ये गुलाबी, हिरवे, पिवळे पट्टे उमटतील आणि फिरवाल तसे बदलतील! साखळ्या एका विशिष्ट दिशेने ताणून बसल्या आहेत म्हणून प्रकाश एका दिशेने वेगळ्या गतीने जातो आणि दुसऱ्या दिशेने वेगळ्या. कारखान्यातल्या त्या चिमट्यांनी कुठून कुठे ओढलं, त्याची खूण फिल्मच्या अंगात कायम राहते.

आता पॅनेलकडे परत येऊ, कारण या केसांच्या मांडणीतून जवळजवळ सगळं ठरतं.

पॉलिकार्बोनेटच्या गुंत्यात मोकळ्या जागा असतात. शाईतलं द्रावक त्या जागांत थोडं शिरतं, पृष्ठभाग किंचित मऊ करतं, आणि शाई फिल्मला अक्षरशः चावून बसते. त्यामुळे पॉलिकार्बोनेटवर छपाई सोपी. साच्यात दाबून आकार द्यायला सोपं, पात्याने कापायला सोपं, कडा स्वच्छ निघते. छापखान्यातला माणूस लेक्सानवर जीव टाकतो तो उगाच नाही. पण शाईतलं द्रावक ज्या वाटेने शिरतं, त्याच वाटेने पेट्रोल शिरतं. थिनर शिरतं. ॲसिटोन तर थेट पृष्ठभाग पांढरा करून टाकतं. आणि अल्कलीशी पॉलिकार्बोनेटचं मुळीच जमत नाही, मग ती भट्टीच्या सफाईच्या तीव्र साबणातली असो की बोटावरच्या चुन्यातली. ज्या गुणासाठी छापणाऱ्याने त्याला निवडलं, तोच वापरणाऱ्याच्या हातात दोष ठरतो. एकाच रेणूच्या एकाच स्वभावाची ही दोन रूपं आहेत, हे लक्षात आलं तेव्हा मी अक्षरशः थक्क झालो.

पॉलिएस्टर उलट. साखळ्या दाटीने ओळीत बसलेल्या, बाहेरच्याला शिरकाव नाही. डिझेल, पेट्रोल, बहुतेक द्रावकं वरून येतात आणि पुसली जातात. पण मग शाईलाही शिरकाव नाही! कोऱ्या पॉलिएस्टरवर साधी शाई छापा, सुकू द्या, चिकटपट्टी लावून ओढा. शाई पट्टीबरोबर निघून येईल. म्हणून छपाईसाठीच्या पॉलिएस्टरला कारखान्यातच मागच्या बाजूने शाई धरणारा एक अदृश्य थर देतात. इथून पुढे किंमत वाढायला लागते.

मग येतं वाकणं. बटण दाबलं की फिल्म वाकते, सोडलं की सरळ होते. दर वेळी. समजा एखाद्या काट्यावर दिवसाला ३०० ट्रक येतात आणि प्रत्येकासाठी एकच बटण दोनदा दाबलं जातं. दिवसाला ६०० दाब. साडेपाच महिन्यांत एक लाख झाले! फुगवलेल्या बटणाची कड ही सर्वांत ताणाची जागा, आणि पॉलिकार्बोनेट तिथे लाखाचा टप्पा गाठायच्या आधीच चिरू शकतं. सुरुवातीला चंद्रकोरीसारखी बारीक पांढरी रेघ दिसते, मग ती उघडते, मग पावसाळ्याची दमट हवा आत जाते. बोटावर डिझेल असेल तर चीर आणखी लवकर पडते, कारण ताणलेल्या प्लास्टिकला द्रावक लागलं की ते फार पटकन तडकतं. पॉलिएस्टरच्या बटणाची अपेक्षा मात्र दहा लाख दाबांची धरतात. आपल्या काल्पनिक काट्यावर साडेचार वर्षं. हातोड्याने न फुटणारं पॉलिकार्बोनेट बोटाच्या हलक्या दाबांनी हरतं आणि बाटलीचं पॉलिएस्टर टिकतं, हे आधी कोणी सांगितलं असतं तर पटलं असतं का? पण एकदाच बसणारा जोराचा तडाखा आणि लाख वेळा होणारं वाकणं ही दोन निरनिराळी दुखणी आहेत. एकावरचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

मग सगळीकडे पॉलिएस्टरच का नाही वापरत? पहिलं कारण आग. विजेच्या मोठ्या पॅनेलांवर, स्विचगिअरवर, ठिणगी उडाली तर फिल्मने पेट घेऊन आग पसरवायला नको. ज्वाळेपासून दूर केल्यावर स्वतःच विझणाऱ्या पॉलिकार्बोनेटच्या जाती सहज मिळतात. दुसरं, नुसती माहितीची पाटी असेल, बटणच नसेल, तर वाकण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे सहज छापलं जाणारं, सुबक कापलं जाणारं पॉलिकार्बोनेट उत्तम. तिसरं, पॉलिएस्टरला आपलं जुनं ताणणं आठवतं. तापवलं की ते थोडं मागे आकसतं. साधी पॉलिएस्टर फिल्म १५० अंशांना साधारण एक टक्का आकसते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ३०० मिलिमीटरच्या पॅनेलमध्ये एक टक्का म्हणजे तीन मिलिमीटर. छापलेलं बटण एकीकडे आणि त्याखालचा स्विच दुसरीकडे! यावरचा उपाय मोठा सुंदर आहे: छापण्याआधीच फिल्मला सैल सोडून तापवायचं, जेवढं आकसायचं तेवढं आकसू द्यायचं. मग ती पुन्हा त्या तापमानापर्यंत शांत राहते.

उन्हाला मात्र दोघंही कच्चे. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण पॉलिकार्बोनेटच्या साखळ्यांत नवीन जोडण्या घडवतात, त्या निळा उजेड शोषतात आणि फिल्म पिवळी दिसायला लागते. पॉलिएस्टर तर ठिसूळ होतं. म्हणून उघड्यावर लावायच्या फिल्मवर वरून एक कठीण, अतिनील किरण अडवणारा थर चढवतात, हार्डकोट म्हणतात त्याला. त्याचा कठीणपणा मोजायची रीत इतकी साधी की हसू येतं. शाळेतल्या पेन्सिली! वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली ४५ अंशांत धरून, ठरलेल्या वजनाने फिल्मवरून ढकलायच्या. जी पहिली पेन्सिल ओरखडा काढते तिच्या आधीची, ती त्या फिल्मची ताकद. उघडं पॉलिकार्बोनेट मऊ पेन्सिलीलाच हार मानतं. हार्डकोट दिलेलं पॉलिएस्टर 2एच, 3एचपर्यंत जातं. जगभर मान्य असलेली ही चाचणी आहे.

तोच थर आणखी एक काम करतो. त्यावर मुद्दाम सूक्ष्म खरखरीतपणा ठेवतात, म्हणजे उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत नाही आणि बोटांचे ठसे दिसत नाहीत. पण मग लाल आकड्यांसमोर ती खरखर आली की आकडे धुरकट होतात. काय करायचं? तेवढ्याच चौकोनावर वरून पारदर्शक लाखेचा थर छापतात. लाख खरखरीतले खळगे भरून काढते, पृष्ठभाग सपाट होतो, आणि धुरकट फिल्ममध्ये अचानक स्वच्छ खिडकी उघडते. पुढच्या वेळी वजनकाट्याचा आकडा बघाल तेव्हा त्या खिडकीची कड बोटाने चाचपून बघा, अगदी हलकी पायरी लागते.

फिल्मखाली आणखी थर असतात. गोंद, मग चांदीच्या शाईने वाटा छापलेली दुसरी पॉलिएस्टर फिल्म, मग मध्ये भोकं असलेला अंतर राखणारा थर, मग पुन्हा चांदीच्या वाटा, पुन्हा गोंद. गोंदसुद्धा विचारपूर्वक निवडावा लागतो. गुळगुळीत स्टीलवर ०.०५ मिलिमीटरचा थर पुरतो, पण पावडर कोटिंग केलेल्या खडबडीत पत्र्यावर तो फक्त उंचवट्यांना चिकटतो. तिथे ०.१३ चा हवा. आणि बटणाच्या पोकळीतल्या हवेचं काय? ती पूर्ण बंद केली तर? पॅनेल पळस्प्याला समुद्रसपाटीजवळ जोडून ट्रकने लोणावळ्याला नेलं, तर सहाशे-सव्वासहाशे मीटर चढल्यावर बाहेरच्या हवेचा दाब सुमारे सात टक्क्यांनी कमी होतो. आतली हवा फुगते, बटणं वर उचलली जातात. म्हणून अंतर राखणाऱ्या थरात केसाएवढे मार्ग कापून सगळ्या बटणांच्या पोकळ्या एकमेकींना जोडतात आणि हवेला ये-जा करायला वाट ठेवतात.

आणि इथेच कोकणातल्या ओलीशी गाठ पडते. हवेला वाट दिली की तिच्यासोबत ओल आत येते. चांदी विजेसाठी उत्तम, पण तिला एक विलक्षण खोड आहे. दोन शेजारच्या वाटांमध्ये ओल आली आणि त्यांच्यात विजेचा दाब असेल, तर चांदी एका वाटेवरून विरघळून दुसरीकडे चालू लागते! धन बाजूची चांदी आयनांच्या रूपात सुटते, ऋण बाजूला पोहोचून पुन्हा धातू होते, आणि तिथून बारीक फांद्या फुटत धन बाजूकडे वाढत जातात. सूक्ष्मदर्शकाखाली बघाल तर चांदीचं निष्पर्ण झाड. एक फांदी पलीकडे टेकली की कोणी बोट लावलेलं नसताना बटण दाबलं गेलं, असं यंत्राला वाटतं. उपाय? वाटा लांब लांब ठेवणं, त्यांच्यावर विद्युतरोधक थर देणं, उघड्या टोकांवर चांदीऐवजी कार्बनची शाई चढवणं. आणि मुळात वरची फिल्म चिरू न देणं. कार्बन चालत नाही, जागेवर बसून राहतो.

पळस्प्याच्या यार्डांत उभे असलेले थंड कंटेनर, ज्यांना रीफर म्हणतात, ते बघितल्यावर हे सगळे धागे एकत्र येतात. नाशिकची द्राक्षं न्हावाशेवामार्गे परदेशी जातात ती अशाच पेट्यांतून. पेटीच्या एका टोकाला यंत्रणा, आणि तिच्यावर उघड्यावर बसवलेलं छोटं नियंत्रण पॅनेल. यार्डात ऊन, जहाजावर खारं पाणी, हातमोज्यातलं बोट, वाफेच्या फवाऱ्याने धुणं. त्या पाव मिलिमीटरने दम सोडला आणि आत पाणी गेलं, तर पेटीतलं तापमान ढळणार. इथे माझं मत स्पष्ट आहे: हार्डकोट दिलेलं, अतिनील किरण अडवणारं पॉलिएस्टर, कडांना पूर्ण गोंद, कार्बनने झाकलेली चांदी. पेट्रोलपंपावरही तेच. काट्याच्या केबिनमध्ये छत असलं तरी बोटं तीच डिझेलची, आणि दाब लाखांत, तेव्हा तिथेही पॉलिएस्टरच. पनवेल-तळोज्याच्या कारखान्यांतल्या विजेच्या कपाटांवर मात्र आग न पसरवणारं पॉलिकार्बोनेट खुशाल लावा. ते तिथे हयात काढेल.

अडचण एवढीच की नव्या पॅनेलवर दोन्ही फिल्म सारख्याच देखण्या दिसतात आणि पॉलिकार्बोनेट स्वस्तात, लवकर छापून मिळतं. फरक दिसायला पहिला पावसाळा किंवा पहिले लाख दाब जावे लागतात. तोवर बिल केव्हाच चुकतं झालेलं असतं. म्हणून जाणता छापणारा गिऱ्हाइकाला रंग आणि अक्षरं विचारायच्या आधी विचारतो, की हे पॅनेल दिवसातून किती वेळा दाबणार, ऊन लागणार का, आणि पुसणार कशाने. उत्तर 'थिनरने' असं आलं, तर कापायला काढलेला लेक्सानचा रोल परत मांडणीवर जातो.